रंग न लावलेली काच

तुकडा आला तेव्हा दुपारचे साडेतीन.
मिठाच्या पाण्यात, आगकाडीच्या अर्ध्याएवढा.
बाटलीवर निस्ताने सरांचं अक्षर:
रेवता कोडापे, ४१, सिंदेवाही. यकृत.
खाली दोनदा अधोरेखित: रंग लावू नका.

सव्वीस वर्षं मी रंगच लावत आलो,
केंद्रकांना निळा, बाकीच्यांना गुलाबी.
बिनरंगाचं शरीर मला वाचता येत नाही.

सकाळी ती बाकावर होती,
दोन्ही हात पदरात गुंडाळून, ऐन मे महिन्यात.
तेंदूच्या फडावर पुडे बांधता बांधता
हातांच्या पाठीवर फोड, फुटले की पांढरे वण,
कानशिलांवर दाट लव.
कुणी म्हणे बाहेरचं. कुणी म्हणे महारोग,
वर्षभर तिने त्याच्याही गोळ्या खाल्ल्या.
"उनावर माहा राग नाही जी," ती म्हणाली,
"उनाचाच माह्यावर हाये. काहून, ते तुमी पाहा."

यंत्र क्षयाचं, खकारे बघायला आलेलं.
पाऱ्याचा दिवा तापायला दहा मिनिटं घेतो.
तोवर खिडकीला चादर, फटींना कापसाचे बोळे.
बाहेर सेहेचाळीस अंश,
आत मी, आणि खाटिक ज्याला काळीज म्हणतो
ते एका बाईचं, काचेवर दाबलेलं.

आणि ते पेटलं.
लाल. राख झटकल्यावर
शेगडीच्या तळाशी सापडतं तसं.
पेशीमागून पेशी,
माझ्या हाताने न लागलेला रंग.

"सर!"
ते जिना चढेपर्यंत फिकं झालं,
मग राखाडी, मग काहीच नाही.
उजेडानेच दाखवलं, उजेडानेच पुसलं.
"कुठं आहे, बोरकुटे?"

थोडा तुकडा उरला होता.
दुसरी काच. दिव्यासमोर पुठ्ठा धरला,
सरांना आधी बसवलं, डोळा लावायला लावला,
मग पुठ्ठा काढला.
ते बराच वेळ बोलले नाहीत.
नंतर म्हणाले, "गेलं. पण होतं."

पॉर्फिरिया लिहिताना
रफार कुठं द्यायचा, दोनदा चुकलो.

खाली ती लिंबाच्या सावलीबरोबर
सरकत सरकत भिंतीला लागली होती.
सर तिच्याजवळ उकिडवे बसले.
पंधरवड्याला एक पिशवी रक्त काढावं लागेल,
काळजात लोखंड फार साठलंय.

"लोखंड?" ती हसायलाच लागली.
"घरात त इळा बी धड नाही जी."