खिळ्यावरच्या दहा किल्ल्या

पहाटे पावणेपाचला फोन.
कुइवास्तुच्या धक्क्यावरून यूलो:
"मारिका, तुझं यंत्र रुसलंय.
हो म्हणत नाही, नाही म्हणत नाही.
बारा गाड्या रांगेत,
एकीच्या मागे ट्रेलर, ट्रेलरमध्ये गाय.
ती तेवढी बोलतेय."

मी कुरेसारेत, स्वयंपाकघरात,
पायांत दोन जातींचे मोजे,
काचेला बाहेरून चिकटलेला फेब्रुवारी.
लॉग उघडला. एकच ओळ, पानंच्या पानं:
कनेक्शनची वाट पाहिली, तीस सेकंद. मिळालं नाही.
कनेक्शनची वाट पाहिली.

आधी संशय दुसऱ्यावर.
नेटवर्क? शाबूत.
पासवर्ड? कालचाच.
डेटाबेस तर निवांत बसलेला,
रिकाम्या खानावळीच्या मालकासारखा,
आज गिऱ्हाईक कुठे गेलं म्हणत.
मग लायब्ररीला शिव्या, नव्या आवृत्तीला शिव्या,
ती लिहिणाऱ्या अनोळखी माणसाला,
जो या वेळी कुठल्या तरी खंडावर गाढ झोपला असेल.

बंद करून चालू केलं.
चाललं.
नऊ मिनिटं.

केटलीतलं पाणी उकळेपर्यंत
मला आमच्या गावचं नावघर आठवलं.
भिंतीत दहा खिळे, दहा किल्ल्या.
नाव न्यायची तर किल्ली घ्या, आलात की टांगा.
नियम कुठे लिहिलेला नव्हता.
पण एखाद्याचं जाळं फाटतं,
एखादा वल्ह्यावरून भावाशी भांडतो
आणि तरातरा घरी निघून जातो,
किल्ली खिशात.
असे दहा जण झाले
की अकराव्याला समुद्र बंद.
समुद्र असतो तिथेच.

माझा कोड काढला. माझाच, ऑक्टोबरातला, घाईतला.
दार उघड. विचार. उत्तर घे. दार लाव.
चार ओळी, सरळ, शहाण्यासारख्या.
तिसरीत ठेच लागली
तर चौथी येतच नाही, हे तेव्हा सुचलं नव्हतं.

आणि ठेच कशाची?
ट्रेलरच्या नंबरपाटीवर बर्फ साचलेला.
यूलो प्रामाणिक माणूस, दिसलं नाही ते लिहिलं नाही,
रकाना रिकामा सोडला.
मी तिथे काहीतरी असेलच असं धरून बसलेले.
रिकामं म्हणजे शून्य नव्हे,
कोरा शब्दही नव्हे;
रिकामं म्हणजे कोणी सांगितलंच नाही.
त्याने बटण दाबलं, पुन्हा दाबलं,
चिकाटी त्याची जुनी.
दहा वेळा दाबलं, दहा किल्ल्या गेल्या.
नऊ मिनिटांनंतर परत दहा.

दुरुस्ती दोन ओळींची.
शेवटी, म्हणजे काहीही झालं तरी शेवटी,
उत्तर मिळो न मिळो, मध्येच कोसळो,
दार लावायचं.
आणि नंबर नसेल तर नाही म्हणून घ्यायचं, अडायचं नाही.
हे मी नव्या पोरांना शिकवते.
फळ्यावर लिहून.

सव्वासहाला फोन केला: "यूलो, झालं."
"काय झालं?"
"सुरू झालं."
"बोट केव्हाच गेली," तो म्हणाला,
"पेन्सिल होती माझ्याकडे."

दुपारी त्याची यादी आली, मासळीच्या पावतीच्या पाठीवर.
अकरा गाड्या. एक गाडी अधिक ट्रेलर.
गाय, १. मालक झोपलेला, उठवला नाही.
खाली सही, नावाच्या डोक्यावर दोन ठिपके ठळक,
जरा जास्तच ठळक;
मागच्या वर्षी माझ्या टेबलात त्याची अक्षरं बिघडली होती,
ठिपक्यांच्या जागी प्रश्नचिन्ह उमटलं होतं.
"एकाहत्तराव्या वर्षी," तो म्हणाला होता,
"आईने ठेवलेल्या नावावर कोण शंका घेतंय?"

सगळं हाताने भरलं.
कमिट केलं.
मग दुसऱ्या खिडकीतून, परक्यासारखं,
वाचून पाहिलं, खरंच लिहिलं गेलंय का.
ठिपके होते.
गाय होती.