चवीपुरतं

दार लावण्याआधी फोन बाहेर, मुराद बख्शच्या खुर्चीवर.
गप्पा बाहेर. खाडीवरून येणारा दमट वारासुद्धा बाहेर.
आत मी, वजनकाटा,
आणि टेबलावर दारूचा एकच डबा.
दुसरा कपाटात, कुलपात.
एका म्यानात दोन तलवारी, ही म्हण
मला इथे येऊन कळली.

उम्म अल कुवैनच्या या नेमबाजी क्लबात
मी काडतुसं भरतो, हाताने, एकेक.
व्हिसावर लिहिलंय: स्टोअरकीपर.
वरणगावच्या कारखान्यात सव्वीस वर्षं काढली,
तिथे यंत्र भरायचं, मी नुसता तपासायचो.
उतारवयात पहिल्यांदा स्वतः भरायला बसलो
तेव्हा हात नव्या नवरीसारखा लाजला होता.

वापरलेल्या पुंगळ्या अक्रोडाच्या भुशात घोळून येतात,
रुखवतातल्या भांड्यांसारख्या लखलखीत.
त्या लखलखीला मी भुलत नाही.
नखाने चाचपतो. गळ्याशी केसाएवढी चीर लागली
की बाजूला.
खलफान म्हणतो, अजून एकदा चालली असती.
चालली असती.
म्हणूनच बाजूला.

मग वजन. ग्रेन म्हणजे
अर्ध्या गुंजेहून किंचित जास्त.
जळगावला मामा सोनं तोलताना श्वास धरायचे,
गिऱ्हाईकही धरायचं.
इथे एसीसुद्धा मी तेवढ्यापुरता बंद करतो,
त्याच्या फुंकरीने काटा डुलतो.
घाम नाकाच्या शेंड्यावर येऊन थांबतो,
त्यालाही कळतं, आत्ता नाही.

काल ऋतुजाने फोनवर विचारलं,
बाबा, आईसारखं भरीत करतेय, मीठ किती घालू?
मला काय ठाऊक.
मागून तिची आई ओरडली: चवीपुरतं!
रात्रभर तो शब्द माझ्या उशाशी बसून होता.
माझ्या वहीत तारीख आहे, डब्याचा क्रमांक आहे,
वजन आहे, लांबी आहे.
चवीपुरतं कुठल्याच रकान्यात बसत नाही.

आज पन्नास भरायची होती.
उद्या सकाळी खलफानची स्पर्धा.
बत्तिसाव्या पुंगळीवर, की तेहतिसाव्या,
दार ढकलून तो आत आला, अत्तरासकट,
आणि हसत म्हणाला, खलास?
त्यांच्यात खलास म्हणजे झालं का, संपलं का.
आमच्यात माणूस खलास होतो.
मी मान वर केली, एवढंच.
मान खाली घातली तेव्हा
चिमटीतल्या पुंगळीत दारू गेली होती की जायची होती
ते मला आठवेना.

तो गेल्यावर विजेरी घेऊन सगळ्यांच्या तोंडात वाकून पाहिलं.
भरलेल्या विहिरी, ओळीने,
सगळ्यांना सारखंच पाणी दिसत होतं.
दिसत होतं.
सरोदे मास्तर म्हणायचे,
आठवतंय असं वाटणं म्हणजे आठवणं नव्हे, डिगंबर.

मी सगळ्या ओतल्या.
त्याच एका डब्यात परत.
एक ते तेहतीस. की बत्तीस.
दाराबाहेर मुरादला सांगितलं,
शेखसाहेब आला तरी सोडायचं नाही.
तो म्हणाला, शेख आला तर मी इथे नसेन.

पहाटे पावणेतीनला पन्नासावं काडतूस डब्यात ठेवलं.
वहीत शेरा नावाचा एक रकाना आहे,
चार वर्षं कोराच होता. त्यात लिहिलं:
शंका आली. सगळी ओतली. पुन्हा भरली.
खाली सही. अत्तरदे.

खलफान जिंकेल किंवा हरेल.
जिंकला तर पाच भोकांचं एक भोक झालेला कागद
सगळ्यांना दाखवत फिरेल.
मला तो कागद नको.
त्याची दहा बोटं जेवणाच्या ताटावर दिसली
की माझं काम कळतं.

खोलीवर आलो, अंडी फोडली,
मुरादही आला, त्याची पाळी संपलेली.
मिठाची चिमूट तव्यावर धरून
मी किती वेळ उभा होतो कोण जाणे.
काटा शोधत होतो बहुतेक.
मुराद म्हणाला,
टाक की रे, करपतंय.