बेंबीची खूण

मंगळबाजारात, सुक्या मासळीच्या ओळीत
वास आधी येतो, मग दिसते सुपडाबाई वाडिले.
बोंबील, सोडे, वाकट्या,
आणि गोणपाटाच्या टोकाला मोरी,
वेरावळहून मिठात झोपून आलेली.
पाखट तर दोन वर्षांत आलीच नाही.

मला पाव किलो हवी होती.
आई म्हणाली, बाळंतिणीला मोरीचं कालवण घाल,
दूध उतरतं.
आमच्या गल्लीत समुद्र कुणी पाहिलेला नाही,
पण हे सगळ्यांना माहीत.

सुपडाबाईच्या सासूच्या वेळी
मोरीला कुऱ्हाड लागायची.
मग कोयता. मग विळी.
मी उचलली ती अख्खीच,
मनगटापासून कोपरापर्यंतही भरली नाही.

तिने ती माझ्या हातून घेतली, उलटी केली.
दोन परांच्या मधे, फिकट पोटावर
नखाएवढी चीर.
"देख भाऊ, बेंबी. आजून भराई नई.
हाई अंडामातून नई, पोटमातून येस.
तुन्ही पोरनी नाळ पडनी का?"

पडली होती. शनिवारी.
हळदीच्या फडक्यात बांधून
आईने कणगीमागे ठेवली आहे.

मी उकाईच्या फुगवट्यावरच्या
मच्छीमार सोसायटीचा कारकून.
जाळ्याचा आस चार बोटांचा, हे मीच लिहिलं.
आषाढ-श्रावणात होड्या उलथ्या.
धुडकूचं मच्छरदाणीचं जाळं जप्त, दंड एकावन्न,
तो अजून माझ्याशी बोलत नाही.
पण रोहूचा हिशेब लाखांत असतो,
एक पावसाळा सोडला की पाणी परत भरतं.
हिची पिल्लं हाताच्या बोटांवर मोजावी,
आणि बाईसारखे महिने भरावे लागतात हिला.

"बेंबीवाली मी ईकत नई आते,"
तिने व्यापाऱ्याला फोनवर सांगितलंय.
ही गोणीत चुकून आली.
पलीकडची गिरजाबाई घेते ती सगळी,
तिची गोणी दुपारीच रिकामी होते.

मी हलीव घेतले, शेपूची जुडी घेतली.
आई रागावली. दूध आलं, आपल्या वेळेने.

महिनाअखेरच्या सभेत, 'ऐनवेळचे विषय' या खाली
मी एक ओळ लिहिली:
बेंबी न भरलेली मोरी बाजारात येऊ नये.
अध्यक्ष हसले. म्हणाले, आपली हद्द धरणापर्यंत,
खोडून टाक.

सही झाली, चहा झाला.
खोडायचं राहून गेलं आहे.