फेस वजा

गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर
रात्री म्हशी येतात.
केरबा दावं अडकवतो, कास धुतो,
गिऱ्हाईक पेला घेऊन समोर उभं.
धार पडते तसा फेस चढत जातो
कडेच्या वर, टोपीसारखा.
नवखा माणूस खूश होतो.
जुना म्हणतो, "फेस बसू दे केरबा, मग बघू."

माझं पुस्तक आलं त्याला आठ महिने झाले.
तीनशे प्रती. दोनशे एक्केचाळीस पलंगाखाली,
त्यांच्यावर थंडीतली अंथरुणं.
उरलेल्या माणसांना दिल्या
आणि माणसं म्हणाली, "एक नंबर."
पाणीपुरवठ्याच्या हापिसात म्हणाले, "नाद खुळा, भावा."
मेव्हण्यानं मुखपृष्ठावर हात फिरवला,
"कागद भारी वापरलाय."
प्रस्तावना लिहिणाऱ्या प्राध्यापकांनी
माझं आडनाव चुकवलं,
पण प्रतिभा अस्सल आहे असं कळवलं.

गोड होतं सगळं, खोटं कशाला बोलू.
दोन महिने मी त्यावरच जगलो.

मग एका रात्री केरबाची सून, सारिका,
जी कट्ट्यावर उधारीची वही लिहिते,
माझी प्रत परत घेऊन आली.
समासात त्याच वहीच्या पेन्सिलीनं :

पान अकरा. इथं झोप लागली.

पान एकोणीस. पूर बघितलाय का तुम्ही?
आमचा गोठा गेला त्यात.
हितं नुसतं पाणी छान दिसतंय.

पान तीस. हे तुमचं नाही.
कुणाचं ते मला माहीत नाही, पण तुमचं नाही.

पान चौतीस. ही ओळ मामांजींना वाचून दाखवली.
त्यांना आवडली का, ते लिहिलं नव्हतं.

चिडलो मी.
पापाच्या तिकटीपर्यंत तिला उत्तरं देत चाललो,
मोठ्यानं, एकटाच.
हिला काय कळतंय, म्हटलं. दहावी तरी झाली का?
घरी येऊन पान सत्तावीस काढलं.
राबणाऱ्या हातांना मी वंदन केलंय तिथं.
तिनं काही लिहिलं नव्हतं,
नुसती वरून खाली एक रेघ,
खाडाखोड झालेल्या खात्यावर मारतात तशी.

आणि पुराचं खरंच होतं.
मी तिसऱ्या मजल्यावर होतो.
पाणी खात्यातला माणूस, घरचा नळ कोरडा,
बिसलेरी पीत खिडकीतून बघत होतो,
आणि वहीत लिहिलं : "चांदण्याची नदी".
इतकी वर्षं कुणाला कळलं नव्हतं.

तर आता ही दुसरी वही.
छापलेली नाही. दोऱ्यानं शिवलीय,
समास मुद्दाम चार बोटं सोडलाय.
घरी न्या. जेवणाच्या ताटाशेजारी ठेवा,
कालवणाचा डाग पडला तर पडू दे.
जांभई आली तिथं फुली मारा.
उसनं आणलेलं दिसलं तर मालकाचं नाव लिहा.
आवडलं तर तेही सांगा,
पण कुठलं ते सांगा, "एक नंबर" नको.
माझ्या वयाचा, हापिसाचा, पाहुणेपणाचा
मुलाहिजा ठेवू नका. तोंडावर बोला.
मला राग येईल. येणारच.
तिकटीपर्यंत टिकतो तो,
पुढं चढ लागला की उतरतो.

पहिली प्रत सारिकाला दिली.
तिनं वजन केल्यासारखी हातात धरली,
म्हणाली, "हिला वेळ लागंल. महिनाअखेर हाय."

जाता जाता केरबाला विचारलं,
पान चौतीसची ओळ कशी होती?
त्यानं कासेवरचा हात काढला नाही.
"कुठली ओळ?"

पेला पुढं केला.
मी थांबलो.
फेस अजून बसायचा होता.