पान त्रेचाळीस

फोन वाचत जातो भरभर,
शहरातल्या गळ्यानं.
पऱ्हाटी आली की अडखळतो,
भलतंच काही म्हणतो.
सगुणा हसते, "याले बोलताच येत नाई, सर."

पुस्तक उतरवायला
पाण्याच्या टाकीवर चढलो होतो मी.
टॉवर तिथंच लागतो.

त्रेचाळीसाव्या पानावर तो म्हणाला : प्रतिमा.
तिनं पुन्हा बोट टेकवलं.
प्रतिमा.
कुणी आतून कडी लावून घ्यावी तसं.

डी.एड.ला समावेशनावर प्रश्न होता, दहा मार्कांचा.
मला नऊ मिळाले होते.

"काय आहे तिथं? सांगा रे हिला."
नदी, म्हणाला ईश्वर.
नदी कुठली, नाला आहे, त्रिवेणी म्हणाली.
बाई आहे एक. डोक्यावर गुंड.
हसते.
हसत नाई, ऊन लागून रायलं तिच्या डोयात.
भांडणच पेटलं.
खिचडीची घंटा झाली, कुणी उठेना.
सात वर्षं शिकवतोय मी हे पान.
बाई आहे, हे आज कळलं.

ईश्वरनं घसा खाकरून
सगळं फोनमध्ये बोलून भरलं,
काठावरच्या पऱ्हाटीसकट.

सगुणानं ऐकलं. दोनदा.
मान तिरपी करून विचारलं,
"तिच्या पायात चपला हायेत का?"

तेवीस डोकी वाकली पुस्तकावर.
चोविसावं माझं.