चार बोटं

बाबांच्या खुब्यात नवं टायटॅनियम,
कोंबी अठ्ठ्याहत्तरची, मूळच्या पोलादावर.
दोघांत वाद सहा सेंटिमीटरचा.

"खाली करायची? ती काय मिरवायची गाडी आहे?"
असं म्हणून पाच दिवस ते
दारापर्यंत जायचे, पायरीकडे बघायचे,
आणि लाकडं न्यायलाच आल्यासारखे
दोन ओंडके उचलून परत यायचे.
सहाव्या दिवशी मी लेओकादियोकडून जॅक मागून आणला.

उंच केली होती त्यांनीच, मी नऊ वर्षांची असताना.
पोळ्यांच्या पेट्या सेराच्या पठारावर न्यायच्या,
आणि ओढ्यातल्या धोंड्यांनी सायलेन्सर दोनदा उचकटलेला.
पुढे पेट्या गेल्या, बेसिन आलं, गादी आली.
आई म्हणाली होती,
मधमाश्या सगळीकडे फिरून आल्या, आता मी.

पुढचं गेल्या महिन्यात उरकलंय. आज मागचं.
गवतावर दहिवर अजून पांढरं,
आराउकारियाच्या सावलीत तर दुपारपर्यंत राहील.
बाबा खुर्चीत, मांडीवर घोंगडी, हातात मातेचा भोपळा,
आणि मी पाठीवर, चाकाच्या जागी तोंड घालून.

इथे गुंडाळीची स्प्रिंग नाहीच.
आडव्या नळीत एक सळई, जन्मभर पिळलेली,
त्या पिळावर आमचं सगळं बिऱ्हाड.
"आधी खूण कर," बाबा म्हणतात,
"कुठे होतो ते कळलं नाही तर कुठे आलो ते कसं कळणार?"
मी खिळ्याने रेघ ओढते. तिच्या शेजारी
गंजाखाली त्यांची जुनी रेघ. तीही वाकडी.

"जॅक पातीखाली. तोंड बाजूला घे.
सुटते तेव्हा ती कुणाला ओळखत नाही."
सुटली. खण्णकन. खोपटावरचे पोपट उडाले.
आतून आई: "कपबशी गेली एक!"
ती सकाळपासून आत बसून आहे, निघायच्या तयारीत;
उतर म्हटलं तर म्हणते, मी वजन धरून आहे.
शेवटी भोपळ्याचं पाणी संपलं म्हणून उतरली.

सळईच्या आतल्या टोकाला चाळीस दात,
बाहेरच्या टोकाला चव्वेचाळीस.
एकच दात खाली घ्यावा तर गाडी बदकन बसते.
म्हणून बाहेरून खाली, आतून वर,
दोन उलट्या चुका करायच्या
आणि उरेल त्या वजाबाकीवर घर तोलायचं.
उजवीकडे बाहेरचा एक दात पुरला.
डावी बाजू पेट्यांनी आधीच खचवलेली:
तिथे बाहेर तीन, आत परत दोन.
बाबांनी हा हिशेब कागदाशिवाय केला,
डोळे मिटून, ओठ हलवत,
आणि मी चुकून चार घेतले तेव्हा
न बघता म्हणाले, "आवाज एकदा जास्त झाला."

चाकं चढली. गाडी दोनदा पुढेमागे ढकलली,
तिला स्वतःचं वजन आठवावं म्हणून.
मी टेप काढली. ती त्यांनी खिशात टाकली.
घोंगडी सारली, काठी टेकली, कमानीखाली हात घातला:
टायर आणि पत्र्यामध्ये चार बोटं.
"तुझी नकोत, तुझी बारीक आहेत."
उजवीकडे चार. डावीकडे चार, करंगळीला जरा घट्ट.
"चालेल. पावसाळी हवेत माझं बोट सुजतं."

मग बाजूचं दार. आईने दोन्ही पाखं उघडून धरली,
मी मागे, हात पुढे, पण न लावता.
बाबांनी पाय उचलला
जुन्या सवयीने, जुन्या उंचीपर्यंत,
आणि तो तिथे राहिला अधांतरी.
पायरी त्याच्या खाली, बरीच खाली.
क्षणभर तिघंही त्या पायाकडे बघत होतो.
मग तो सावकाश उतरला आणि टेकला.

आत गेले. बाकावर बसले. बराच वेळ काही नाही.
मी पाने गोळा करत होते, बोटं बधिर झालेली.
खिडकीतून आवाज आला:
"नेइवा, ती रेघ आपली पुसू नकोस.
आणि जॅक लगेच देऊ नकोस त्याला परत."