साक्षीदार क्रमांक चार

कूलरच्या पाण्यात कुणीतरी वाळा टाकलाय,
तरी कोर्टाच्या या मागच्या खोलीत मे महिनाच आहे.
टेबलावर कौतिकाबाई निखाडे, राहणार पारडी, यांचा जबाब.
नवरा ट्रकखाली आलेला. वाचला.
खर्चाच्या यादीत औषधं, ऑटो, मेडिकलबाहेरचे डबे
आणि सगळ्यात खाली
नवसाचे रोडगे, चौदाशे रुपये.

विमा कंपनीचा वकील विचारतो, हे कशासाठी?
"बोलली होती ना मी. बोललं का फेडाच लागते."

हे मला इंग्रजीत करायचंय, साडेपाचच्या आत.
तिकडचा शब्द शपथेजवळचा आहे,
लग्नातला, संन्याशाचा,
त्याच्या हाताला कणीक लागलेली नाही,
केसांना गोवरीचा धूर नाही.
लाच म्हणावी, तर आगाऊ काहीच दिलेलं नाही.
करार म्हणावा, तर दुसऱ्या पक्षाची सही कुठाय?

कर्ज फेडतात. पांग फेडतात.
नवसही फेडतात.
एका क्रियापदाच्या दारात
किती देणेकरी उभे आमच्याकडे.

माझी आई नाग नदीकाठच्या मारुतीला बोलली होती,
एकवीस रोडगे,
हेमराज होता तसा परत दे.
ताप उतरला. कान गेले.
आईनं अकरा नेले.
पुजारी म्हणाला, बाई, दहा कमी आहेत.
आई म्हणाली, त्यालाच विचारा
बाकीचं कोणी ठेवून घेतलं ते.

ती गेली त्याला नऊ वर्षं झाली.
वारसाकडे मालमत्तेबरोबर देणंही येतं,
हे वाक्य मी शंभरदा भाषांतरित केलंय.
दहा रोडग्यांचं कुठल्याच कलमात नाही.
हेमराज गोकुळपेठेत घड्याळं दुरुस्त करतो,
टिकटिक बोटांनी ऐकतो.
यातलं त्याला काही ठाऊक नाही.
वांग्याच्या भाजीशी रोडगे मात्र
त्याला फार आवडतात.

शब्द मी तसाच ठेवला, त्यांच्या लिपीत.
खाली टीप दिली: साक्षीदाराच्या मते हे देणं आहे.
खोडली.
पुन्हा लिहिली.

जिन्यात कौतिकाबाई पाणी पीत बसलेल्या.
उगाच विचारलं,
दहा रोडग्यांना कणीक किती लागते हो?
त्यांनी बाटलीचं झाकण लावलं,
माझ्याकडे नीट बघितलं.
"कवाचा हाये?"